‘आम्ही नाही येत!’

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या सरकारी माणसास कालगणनेच्या दोन पद्धती पाळाव्या लागतात. एक साऱ्या जगाची, जानेवारी ते डिसेंबर. आणि दुसरी रजा प्रवास सवलतीची, जिला आपण सारे एलटीसी म्हणतो. या दुसऱ्या पद्धतीत चार वर्षांचा एक खंड असतो. त्या चार वर्षांत दोनदा गृहनगरी जावे, किंवा एकदा गृहनगरी जाऊन दुसऱ्यांदा भारतात मन मानेल तेथे जावे, असा नियम आहे. गृहनगर कोणते हे सेवापुस्तकात लिहून द्यावे लागते, आणि साऱ्या नोकरीत ते एकदाच बदलता येते. ज्या मुलांना घेऊन तेथे जावयाचे, ती मुले त्या गावाला आपले गाव म्हणतात की नाही, याची सेवापुस्तकास वार्ता नसते.

२०२४ च्या सप्टेंबरात, २०२२ ते २०२५ या खंडाचा हिशेब पाहत असता आमच्या ध्यानी एक निराळाच हिशेब आला. थोरली मुलगी नववीत, धाकटा मुलगा सहावीत. पुढच्या वर्षी तिची दहावी. त्यापुढील दोन वर्षे शिकवणीवर्गांची. आणि मग कोठल्या तरी दूरच्या शहरातले वसतिगृह. म्हणजे चौघांनी मिळून, मनात दुसरा घोर नसता, कोठे जावयाचे प्रसंग आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. रजेचे खंड पुन्हा येतात. मुलीच्या चौदाव्या वर्षाला पुढला खंड नाही.

आणि नेमक्या याच सुमारास दोघा मुलांनी एकमुखाने जाहीर केले, “आम्ही नाही येत!”

‘आम्ही’ हा शब्द आमच्या घरात तोवर आमचा होता. ‘आम्ही ठरविले आहे’, ‘आम्ही तिकिटे काढली आहेत’, असा त्याचा उपयोग होत असे, आणि त्यात मुले गृहीत असत. आता घरात दुसरे एक ‘आम्ही’ उत्पन्न झाले, आणि त्यात आम्ही नव्हतो.

कचेरीत हा विषय निघाला तेव्हा कळले की ही साथ घरोघर आहे. एका स्नेह्यांचा मुलगा मुन्नारला गेला आणि चारही दिवस खोलीतल्या पलंगावर मोबाईल पाहत पडला. दुसऱ्या एकांची कन्या प्रत्येक छायाचित्रात पाठमोरी आहे. उपायही पुष्कळ ऐकावयास मिळाले. कोणी म्हणाले, विचारावयाचे कशाला, सामान बांधून गाडीत बसवावे. कोणी म्हणाले, जलक्रीडेची उद्याने असतात तेथे न्यावे. मुले खूष, आपण सावलीत. एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी तर, ‘घरी ठेवा, दोन वेळा डबा लावून द्या आणि तुम्ही दोघे जा’ असा सल्ला दिला. यातला पहिला उपाय दहा वर्षांपर्यंत चालतो. दुसरा खर्चाचा असून चालतो. फक्त परत आल्यावर आपण कोठे गेलो होतो हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. तिसरा उपाय आमच्या सौभाग्यवतींच्या कानी जाऊ न देण्याइतका विवेक आम्ही दाखविला.

खरे कारण बाहेर आले ते सौभाग्यवतींच्या मुळेच. मुली आईशी स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजाच्या आडोशाने जे बोलतात ते बैठकीच्या खोलीत कधी बोलत नाहीत. धाकट्याचे कारण साधे होते: गावी त्याच्या वयाचे कोणी नाही आणि मोबाईलला रेघ मिळत नाही. थोरलीचे तसे नव्हते. मागल्या खेपेस गावच्या घरी जेवणाच्या पंक्तीत ती बोलून गेली होती, “माझं ताट कुठे ठेवला?” तेवढ्यावर सगळी पंगत हसली. हसण्यात दुष्टावा काही नव्हता. पण चुलत भावंडांनी ते वाक्य पुढे आठ दिवस जपून वापरले. ‘मद्राशीण’ असे एक नावही मिळाले. चौदाव्या वर्षाच्या मुलीस तेवढे पुरे असते. तिला प्रवास नको होता असे नाही. जेथे तोंड उघडले की परीक्षा होते तेथे तिला जावयाचे नव्हते.

आता या मुलांची बाजू थोडी सांगितली पाहिजे. चेन्नईस (आमच्या तोंडी अजून ‘मद्रास’च येते; १९९६ साली बदललेले नाव जिभेने मान्य करावयाचे आहे) आम्हांस सहा वर्षे झाली. त्यापूर्वी लखनौ. शाळेत हिंदी व इंग्रजी, मैदानावर तमिळ, आणि मराठी तेवढी घरात, तीही जेवणाच्या वेळी. हिंदीत नपुंसकलिंग नाही. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंस स्त्री-पुरुष भेद नाही. तेव्हा ‘ताट’ बिचारे कोणत्या लिंगाचे हे त्या मुलीने कोणाच्या आधारावर ठरवावे? उलट आमची स्थिती पाहा. सहा वर्षांत आमच्या पदरी ‘एव्वळवु’ आणि ‘पोदुम्’ हे दोन तमिळ शब्द पडले. म्हणजे ‘किती’ आणि ‘पुरे’. बाजारात तेवढ्यावर भागते. परंतु बसवरची पाटी धाकटा वाचतो, गॅसवाल्याशी थोरली बोलते, आणि शेजारच्या आजींचे दुखणे काय आहे हे आम्हांस मुलांकडून कळते. मुले आम्हांस परप्रांतात वागवून नेतात, आणि सुटी आली की आम्ही त्यांना उचलून अशा जागी नेतो जेथे त्यांचे हे सारे ज्ञान कुचकामाचे ठरते.

यावरून एक विचार आमच्या मनात आला, आणि तो आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या वाचकांपुढे ठेवावा एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. सहलीचे ठिकाण निवडताना मुलांना काय आवडेल हे आपण विचारतो. त्याऐवजी, मुलांना आपल्यापेक्षा अधिक काय येते, आणि ते कोठे उपयोगी पडेल, हे पाहिले तर? आमच्या मुलांना आमच्याहून अधिक येणारी गोष्ट होती तमिळ भाषा. तेव्हा तमिळनाडूतच जावयाचे; पण अशा ठिकाणी की जेथे आमच्याही मनास काही ओढ असेल. नकाशा उघडल्यावर फार शोधावे लागले नाही. जिंजी आणि तंजावर. आमच्या एका सहकाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटले. “भारतात कोठेही जाण्याची सवलत तुम्ही साडेतीनशे किलोमीटरवर घालविणार?” आम्ही त्यांना धीर दिला की सवलत शाबूत आहे, हा खर्च पदरचा.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. आम्ही प्रथम रक्कम सांगून टाकली: चौघांना मिळून पाच दिवसांस चाळीस हजार, त्यावर एक पैसा नाही. घरातल्या पैशाचा आकडा मुलांपुढे मांडणे ही आमच्या वडिलांच्या पिढीस अब्रह्मण्यम् वाटली असती. पण आकडा पुढे येताच दोघांचेही चेहरे बदलले. तोवर ती गिऱ्हाइके होती, आता कारभारी झाली. धाकट्याने हिशेब करून मोटार भाड्याने घेण्याची सूचना फेटाळली. रेल्वे आणि सरकारी बस. त्यात वाचलेल्या पैशांतून थोरलीने तंजावरात स्वतःसाठी वेगळी खोली मागितली. सौभाग्यवतींना ती चैन वाटली. आम्हांस वाटले की चौदा वर्षांच्या मुलीस दार लावून घेता यावे यासाठी मोटार सोडावी लागली तरी सौदा वाईट नाही.

रेल्वेने एक उपकार नकळत केला. आगाऊ आरक्षणाची १२० दिवसांची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आली. पुष्कळांनी याबद्दल कुरकुर केली; परंतु ज्याच्या घरी या वयाची मुले आहेत त्याने आनंदच मानावा. चार महिने टिकेल असे मत या वयात कशाबद्दलच नसते. दोन महिने, फार झाले तर, टिकते.

सर्वांत कठीण कलम पहाटेचे निघाले. आम्ही पाचला उठणारे; थोरली सुटीत दहाच्या आत उठत नाही. हा निव्वळ आळस नव्हे, या वयात झोपेचे घड्याळच दोन-एक तास पुढे सरकते असे शरीरशास्त्र सांगते, आणि ते तिने आम्हांस छापील पुराव्यासह दाखविले. अखेर तह झाला: पाचांपैकी दोन पहाटा आमच्या, तीन तिच्या. जिंजीचा गड चढावयाचा तो दिवस आमचा, कारण ऊन वाढल्यावर तो दगडांचा डोंगर चढवत नाही आणि दुपार टळली की राजगिरीवर सोडीतही नाहीत. मोबाईलबद्दल असे ठरले की जेवताना व चढताना तो खिशात. आणि हा नियम कचेरीचे संदेश पाहणाऱ्यांसही लागू. हे शेवटचे शब्द धाकट्याने घातले. पाचवा दिवस कोरा ठेवावयाचा, त्यात कोणी देऊळ, किल्ला अथवा ऐतिहासिक महत्त्व घुसडावयाचे नाही, ही थोरलीची अट होती. तो कोरा दिवस समुद्राकाठी तरंगंबाडीस ठेविला.

नोव्हेंबरच्या अखेरीस फेंगल चक्रीवादळ आले आणि जिंजी ज्यात आहे त्या विळुप्पुरम जिल्ह्यात पाण्याने हाहाकार केला. बेत मोडतो की काय, अशी धास्ती वाटली. चमत्कार असा की, या वेळी रोज बातम्या पाहून रस्ते सुरू झाले की नाही हे सांगणारी मुले होती. तीच, सप्टेंबरात ‘नाही येत’ म्हणणारी.

नाताळच्या सुटीत निघालो. तिंडिवनमला गाडीतून उतरल्यापासून सूत्रे मुलांच्या हाती. बसस्थानकावर आम्ही दोघे सामानाशेजारी सामानासारखे उभे, आणि धाकटा गर्दीतून ओरडत आला की जिंजीची बस सुटते आहे. जिंजीस तीन टेकड्या तटांनी एकत्र बांधल्या आहेत. त्यांतली राजगिरी सर्वांत उंच, सुमारे आठशे फूट. १६७७ साली शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. पुढे राजाराम महाराज येथे येऊन राहिले आणि मोगलांच्या वेढ्याला तोंड देत मराठ्यांचे राज्य काही वर्षे या तमिळ मुलखातून चालले. १६९८ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. हे सारे सांगण्याची आम्ही चांगली तयारी केली होती. पण चढणीवर बोलणाऱ्यास दम लागतो, आणि माकडे कोणाच्या पिशवीवर टपली आहेत याकडे श्रोत्यांचे अधिक लक्ष होते. माथ्याजवळ खडकात एक खोल चीर आहे, तिच्यावर लाकडी पूल. तो काढला की वरचा गड निराळा. धाकटा त्या पुलाशी अर्धा तास रमला. आठ वर्षे वेढा कसा टिकला, या प्रश्नाचे उत्तर त्याने आम्हांस विचारले नाही. पुलाखाली वाकून त्याचे त्याने शोधले. खाली उतरताना थोरलीने एका म्हाताऱ्या ताकवाल्या बाईंशी पंधरा मिनिटे गप्पा केल्या. काय बोलणे झाले, असे आम्ही विचारले. “पुरात त्यांची म्हैस वाचली,” एवढेच ती म्हणाली.

तंजावरास मात्र आम्हांला बोलावेसे वाटत होते. एकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापिली. शेवटचे राजे १८५५ मध्ये वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले. पावणेदोनशे, एकशे ऐंशी वर्षे कावेरीकाठी मराठी दरबार होता. बृहदीश्वराचे देऊळ त्याहून सात शतके जुने, राजराज चोळाचे, १०१० साली पुरे झालेले. त्याचे दोनशे फुटांहून उंच विमान पाहून कोणाचीही मान मोडावी. पण आम्हांस दाखवावयाची होती ती भिंत. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा वृत्तान्त या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला. जगातल्या फार मोठ्या शिलालेखांत तो मोजला जातो.

मुलांनी भिंत पाहिली आणि दोघेही गप्प झाली. सबंध तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, त्यांना वाचता येणारी अक्षरे! हिंदीच्या तासाला शिकलेली देवनागरी कामी आली. धाकट्याला पहिल्याने ‘भोसले’ लागले. मग दोघांची शर्यत सुरू झाली. सलग अर्थ लागत नव्हता, तो आम्हांसही लागत नव्हता. जुन्या वळणापुढे सारे सारखेच. शेजारी एक तमिळ कुटुंब उभे होते. त्यांतल्या बाईंनी थोरलीस विचारले, ही कोणती भाषा? ती म्हणाली, “एंगळ मोळि.” आमची भाषा.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद आहे तो हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, तमिळमध्ये आहे. ऐकणाऱ्याला धरून म्हणावयाचे तर एक शब्द, वगळून म्हणावयाचे तर दुसरा. ‘एंगळ’ हा वगळणारा. म्हणजे त्या बाई त्यात नव्हत्या, आम्ही होतो. हे विवरण अर्थातच थोरलीनेच रात्री जेवताना केले, आमच्या दोन शब्दांच्या तमिळमध्ये ते कोठून यावे?

सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत. सरफोजीराजांना वैद्यकाचा नाद; नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्यांनी नोंदी करून ठेविल्या, त्या तेथे जतन आहेत. परंतु धाकट्याला भुरळ घातली ती संग्रहातल्या एका फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांनी. ल ब्रँ याने माणसांचे चेहरे आणि जनावरांचे चेहरे शेजारी-शेजारी काढून त्यांचे साम्य दाखविले आहे. पुढले दोन दिवस आमच्या ओळखीच्या प्रत्येक माणसास एकेक प्राणी मिळाला. कचेरीतल्या वरिष्ठांना मिळालेला येथे लिहिणे सेवानियमांत बसणार नाही.

तेथेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. आमचे बोलणे ऐकून त्यांनी मराठीत विचारपूस केली. त्यांचे पूर्वज राजांच्या चाकरीस आलेले. घरात अजून मराठी, पण तंजावरी. चाल सगळी दाक्षिणात्य, मधूनमधून तमिळ शब्द बिनदिक्कत, आणि एखादा असा जुना शब्द की जो आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकला असेल. लिंगांचे म्हणाल तर त्यांचेही आपले स्वतंत्र धोरण दिसले. थोरली त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने त्यांच्याशी बोलावयास आरंभ केला. मराठीत सुरुवात, अडले की तमिळ, पुन्हा मराठी. ते तसेच उत्तर देत. कोणी कोणास सुधारले नाही. त्या संभाषणात प्रमाण मराठी येणारी दोन माणसे होती, आणि ती दोन्ही बाजूस उभी होती.

तरंगंबाडीचा कोरा दिवस कोराच गेला. डॅनिश लोकांचा १६२० चा किल्ला समोर दिसत होता. करारानुसार आम्ही त्याविषयी एक अक्षर काढले नाही. दुपारी थोरली आपण होऊन विचारू लागली की डेन्मार्कचे लोक इतक्या लांब कशाला आले. मिरीकरिता, असे सांगून आम्ही पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. मनोरा मात्र राहिला. नेपोलियनच्या पाडावानिमित्त सरफोजीराजांनी पट्टुकोट्टईपलीकडे समुद्राकाठी आठ मजली मनोरा बांधविला, हे धाकट्याने शोधून काढले होते. तंजावरच्या राजास नेपोलियनचे काय, याचा उलगडा जागेवर जाऊनच होईल असा त्याचा आग्रह. पण पैसे संपत आले होते, आणि हिशेब त्याच्याच हाती होता. त्याने वही मिटली आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले.

२०२५ च्या मे महिन्यात एलटीसी घेऊन गावी गेलो. या वेळी कोणी ‘नाही येत’ म्हणाले नाही, ‘किती दिवस?’ असे मात्र विचारले. जेवताना एकदा लिंग चुकले आणि चुलत भावंडे हसली. थोरली जेवता जेवता म्हणाली, “तंजावरात असंच बोलतात. साडेतीनशे वर्षं झाली.” हसणे थांबले असे नाही. पण आजीने ताट बाजूस सारून, ते लोक आणखी कसे बोलतात ते म्हणून दाखव, असे सांगितले, आणि मग ती मैफल अकरापर्यंत चालली.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. बातमी आम्हांस मुलांकडून कळली. बारांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी. “एक झाला,” असे म्हणून धाकट्याने हिशेबाच्या वहीत उरलेल्या अकरांची यादी केली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. वही चार दिवस जेवणाच्या मेजावर पडून होती. पाचव्या दिवशी पाहतो तो साल्हेरपुढे थोरलीच्या अक्षरात लिहिलेले, ‘दहावीनंतर. सकाळी नऊच्या आधी नाही.’